रंगीत काच : प्रकाशाची गाळणी

बांगडीचा निळा तुकडा डोळ्यांसमोर धरला की सारे अंगण निळे दिसू लागते. काचेने प्रकाशात निळा रंग मिसळला, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सर्वच रंग असतात. निळी काच त्यांतील नारिंगी व पिवळे किरण मुख्यत्वे शोषून घेते आणि निळे किरण पार जाऊ देते. रंगीत काच ही प्रकाशाची गाळणीच होय.

या गुणाचा कलेसाठी केवढा उपयोग होऊ शकतो, हे फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलमध्ये दिसून येते. ११९४ च्या आगीनंतर हे प्रार्थनामंदिर नव्याने उभारण्यात आले. उंच छताचा रेटा बाहेरच्या बाजूस रचलेल्या दगडी कमानींनी पेलला. त्यामुळे भिंतींत भव्य खिडक्यांना जागा मिळाली. तेथे रंगीत काचांच्या १७६ खिडक्या आहेत.

वाळू व लाकडाची राख वितळवून कारागीर काच बनवीत. निळ्या रंगासाठी तीत कोबाल्टचे संयुग, तर तांबड्यासाठी तांबे मिसळीत. तांबडी काच इतकी गडद होई की जाड तावदानातून उजेड येतच नसे. म्हणून फिक्या काचेवर तिचा पातळ थर चढवीत. निरनिराळ्या रंगांचे तुकडे कापून ते शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांनी जोडीत. चेहरे व वस्त्रांच्या चुण्या गडद रंगाने रेखून भट्टीत भाजीत.

बाहेरून पाहिल्यास या खिडक्या काळपट दिसतात. कारण आत शिरलेला बहुतेक प्रकाश परत येत नाही. आत मात्र त्याच झळकू लागतात व शिशाच्या पट्ट्या चित्राच्या बाह्यरेषा होतात. सूर्य जसजसा सरकतो, तसतसे खांबांवर व फरशीवर रंगांचे कवडसे सरकत जातात. येथे चित्र तावदानापुरते उरत नाही. सारे अंतराळ त्याच्या रंगात न्हाऊन निघते.

म्हणूनच एक खिडकी गेली तरी आतील सर्व प्रकाश पालटतो. अठराव्या शतकात वेदीच्या भागात अधिक उजेड यावा म्हणून काही रंगीत खिडक्या काढून तेथे फिक्या काचा बसविण्यात आल्या. उजेड वाढला, परंतु तेथील रंग कायमचे हरपले. पुढे १९३९ मध्ये महायुद्धाच्या भीतीने खिडक्या उतरवून सुरक्षित स्थळी नेण्यात आल्या व युद्धानंतर पुन्हा बसविण्यात आल्या.

युद्ध टळले तरी पावसाची भीती उरतेच. राखेपासून केलेल्या काचेतील क्षार पाण्याने हळूहळू निघून जातात. तिच्यावर खड्डे पडतात व ती मंद होते. यास्तव जीर्णोद्धारात अनेक खिडक्यांच्या बाहेर स्वच्छ काचेचे दुसरे आवरण बसविण्यात आले आहे. जुन्या काचेचे रक्षण आता नवी काच करीत आहे.