पेटीतली ढोलकी पारखायची कशी?

कर्जत, प्रतिनिधी - तुळशीचे लग्न लागले की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हळदीच्या सुपाऱ्या सुरू होतात. नेरळ, कडाव, चौक, खोपोली या पट्ट्यातील आगरी वस्त्यांमध्ये हळदीची रात्र बेंजो पार्टीवाचून सहसा सरत नाही. बेंजोच्या जोडीला की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आता गृहीतच धरलेले असतात. अशा पथकांपुढे हंगामाच्या तोंडावर एक प्रश्न उभा राहतो. की-बोर्डमध्ये ढोलकी, हलगी, संबळ, ताशा यांचे वाढीव ध्वनी भरून घ्यावेत, की तोच पैसा ढोलकीवाल्याच्या बिदागीसाठी राखून ठेवावा?

वाढीव ध्वनींची गरज का पडते, याचे उत्तर वाद्यांच्या घडणीत आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी जुळते घ्यावे म्हणून १९९१ मध्ये 'जनरल मिडी' ही प्रमाण यादी ठरली. तिच्यातील तालवाद्यांच्या ४७ ध्वनींत काँगो, बोंगो, ब्राझीलची क्विका यांना जागा मिळाली. तबला आणि ढोलकीला मिळाली नाही. सुरांच्या यादीत सतार आणि सनई आहेत, हे विशेष. पुढे काही कंपन्यांनी भारतीय बाजारासाठी देशी ठेके आणि वाद्ये घातली, तरी मराठी मांडवाला लागणारा बाज बऱ्याचदा बाहेरूनच आणावा लागतो.

पूर्वी त्यासाठी वाद्य उघडून आत पट्टी बसवावी लागे. रोलँड कंपनीच्या १९९४ च्या जेव्ही-१०८० या ध्वनिपेटीत अशा चार पट्ट्या बसत. त्या मालिकेत 'बेस अँड ड्रम्स' नावाची पट्टीही होती. नंतरच्या एसआरएक्स मालिकेतील पहिलीच पट्टी केवळ ड्रमसाठी निघाली. आता बहुतेक ध्वनी पेन-ड्राइव्हमधून भरले जातात. जुने वाद्य स्वस्तात मिळाले म्हणून घेणाऱ्याने मात्र एवढे ध्यानात ठेवावे की, एका मालिकेची पट्टी दुसऱ्या मालिकेच्या खाचेत चालत नाही.

जाहिरातीत पहिला भर असतो तो संख्येवर. 'पाचशे ध्वनी' हे शब्द वाचून हुरळून जाण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. सीडीच्या दर्जाचा, एका वाहिनीचा एक सेकंदाचा आवाज साठविण्यास सुमारे ८८ हजार बाइट लागतात. म्हणजे ८ मेगाबाइटमध्ये अवघा दीड मिनिटाचा ऐवज मावतो. त्यात पाचशे ध्वनी कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा पाचवा हिस्साही येत नाही आणि ढोलकीचा घुमारा उमटण्यापूर्वीच कापला जातो. याउलट त्याच जागेत ढोलकीचे केवळ आठ बोल घेतले, प्रत्येक बोल हलक्यापासून जोरकसपर्यंत चार जोरांत वाजविला आणि प्रत्येक जोराचे तीन नमुने घेतले, तर सेकंदाला एक या हिशेबाने जागा भरते. पहिल्या संचाचे वेष्टन भरगच्च दिसेल. वाजविण्याजोगा दुसराच ठरेल.

जोरांचे आणि नमुन्यांचे महत्त्व कानाला लगेच कळते. कळ किती जोराने दाबली हे वाद्य १ ते १२७ या आकड्यांत मोजते. संचात प्रत्येक बोलाचा एकच नमुना असेल तर हलकी थाप ही जोरकस थापेचीच लहान आवाजातली नक्कल होते. खऱ्या चामड्यावर मात्र हलक्या थापेचा पोतच निराळा असतो. एकच बोल जलद लयीत सलग वाजवून पाहावा. प्रत्येक थाप तंतोतंत सारखी आली, तर तो ताशा राहत नाही, शिवणयंत्राचा खडखडाट होतो.

यापेक्षा अवघड बाब सुराची. ढोलकीची चाट गायकाच्या सुराला लावावी लागते. गायक काळी दोनवरून काळी चारवर गेला की वादक 'ट्रान्सपोज'चे बटण दाबतो. बहुतेक की-बोर्डांत या बटणाने तालवाद्यांचा संच हलत नाही. गाणे वर चढते, ढोलकी मात्र जुन्या सुरातच बोलत राहते. म्हणून संचातील प्रत्येक बोल स्वतंत्रपणे वर-खाली लावता येतो की नाही, हे दुकानातच विचारावे. फार वर ओढलेला नमुना आखूड आणि पातळ होतो, हेही ऐकून घ्यावे.

डाव्या तळहाताचा दाब वाढवीत, पुडीवर हात सरकवीत काढलेला घुमारा हा तर ढोलकीचा प्राण. तो ठोक्याने सुरू होतो आणि हाताने घडत जातो. साठवलेला नमुना दर वेळी एकाच वळणाने जातो. तिथे वादकाला काही करता येत नाही. पिच-बेंडच्या दांड्याने थोडीफार नक्कल साधते, पण त्यासाठी एक हात अडकून पडतो. लावणीच्या अंगाने जाणारी गाणी ज्या पथकाच्या यादीत अधिक, त्याने ढोलकीवाल्याला सुट्टी देण्याचा विचार न केलेला बरा. हलगी, ताशा यांच्या बाबतीत यंत्राची बाजू जरा भक्कम आहे. गणेशोत्सवाच्या पावसाळी हवेत चामडे सैल पडते, हलगी पुन्हा पुन्हा शेकावी लागते. यंत्राचा सूर उतरत नाही. पाण्याचे भय मात्र त्यालाही आहेच, आणि अंमळ जास्त.

दुकानातील हेडफोनवर कोणताही संच गोड लागतो. मूळ ध्वनीतच सभागृहाचा घुमट मिसळलेला असेल तर मांडवातील मोठ्या स्पीकरवर तो चिखल होऊन बाहेर पडतो. त्यासाठी कोरडे ध्वनी असलेला संच घ्यावा आणि तो एका वाहिनीवर, आपल्याच स्पीकरवर ऐकावा. पेन-ड्राइव्हवर फुकट फिरणाऱ्या नकला हा वेगळा धोका. पथकाला पुढे गाणे ध्वनिमुद्रित करून विकायचे असेल, तर ध्वनींच्या हक्काचा प्रश्न तेव्हा उपस्थित होऊ शकतो.

चाचणीला जाताना की-बोर्डवाल्याने एकट्याने जाऊ नये. पथकातील ढोलकीवाल्याला सोबत न्यावे, पेटीतील ठेका सुरू करून त्याला त्यावर वाजवायला सांगावे. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले तर संच घ्यावा. आणि पेटी त्याच्या थापेला झाकू लागली तर विक्रेत्याचे आभार मानून परतावे.