इंधनपंप उतरविणे आणि त्याची वेळ जुळविणे

डीझेल एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्या सिलिंडरातील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबतो. ती पाचशे अंश सेल्सियसच्याही वर तापते, आणि तीत तेलाचा फवारा शिरला की तो आपोआप पेट घेतो. ज्वलन केव्हा सुरू व्हावे हे ठरविण्याची जबाबदारी अशा रीतीने फवाऱ्यावर, म्हणजेच इंधनपंपावर, येऊन पडते.

रुडॉल्फ डीझेल यांचे १८९७ चे एंजिन दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत लोटीत असे. त्यासाठी लागणारा संपीडक इतका अवजड होता की एंजिन कारखान्यातच खिळून राही. जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२२ मध्ये हा प्रश्न हाती घेतला व १९२७ मध्ये पंपाचे नियमित उत्पादन सुरू केले. भारतात हे काम १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीने केले. ‘मिको’ हे तिचे नाव आजही मिस्त्रीलोकांच्या तोंडी आहे, जरी २००८ पासून कंपनी बॉश या नावाने ओळखली जाते.

दिल्लीतील शहर-बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर २००२ च्या अखेरीपर्यंत नैसर्गिक वायूवर गेल्या व त्यांच्यापुरता हा पंप इतिहासजमा झाला. परंतु फरीदाबाद, गाझियाबाद, नोएडा या भागांत खोदयंत्रे, रोडरोलर आणि जनित्रे यांच्या जुन्या पिढीवर तो अद्याप आढळतो. फरीदाबादजवळच्या बल्लभगढ येथे तर १९७९ पासून खोदयंत्रे तयार होत आली आहेत. अशा यंत्राची वेळ बिघडली की त्याचा धूर सर्वांत आधी जवळच उभ्या असलेल्या मजुराच्या छातीत जातो.

वेळ म्हणजे किती वेळ, हे पाहण्यासारखे आहे. मिनिटाला १,५०० फेरे घेणारे एंजिन सेकंदात ९,००० अंश फिरते. म्हणजे एक अंश सरकण्यास सेकंदाचा नऊ हजारावा भाग लागतो. १,०८० मिलिमीटर परिघाच्या प्रचक्रावर तोच अंश तीन मिलिमीटर भरतो. डोळ्यांना न दिसणारा काळ असा पट्टीने मोजता येतो. पुढील सारी रीत यावरच उभी आहे.

ही रीत, ज्या पंपात सिलिंडरांइतके घटक एका ओळीत असतात, त्याची आहे. आगगाडीच्या एंजिनांत निराळी व्यवस्था असे. १९६२ मध्ये अमेरिकेतून आलेल्या व १९६४ पासून वाराणसीस बांधलेल्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये सोळा सिलिंडरांना सोळा स्वतंत्र पंप असत.

पंपास हात लावण्यापूर्वी तो बाहेरून धुऊन काढावा. आतील प्लंजर व बॅरल यांमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांशांची असते; तीत धुळीचा एक कण गेला तरी जोडी निकामी होते. एका घटकाचा प्लंजर दुसऱ्यात कधीही घालू नये. नंतर प्रचक्र फिरण्याच्या दिशेनेच फिरवून पहिल्या सिलिंडराचा दट्ट्या दाबाच्या फेऱ्यात वर आणावा. त्या वेळी त्याच्या दोन्ही झडपांचे दांडे सैल लागतात. उत्पादकाने दिलेली अंशांची खूण दर्शकासमोर आली की थांबावे, तेलाची तोटी बंद करावी, नळ्या सोडून प्रत्येक तोंडावर टोपण बसवावे, आणि कपलिंग सोडून पंप काढावा. तो परत बसेपर्यंत प्रचक्र हलवू नये.

बसविताना खुणा जुळल्या म्हणजे काम झाले असे समजू नये. झिजलेल्या यंत्रात खुणा फसवितात. पहिल्या घटकावरील निर्गम-झडप व तिची स्प्रिंग काढून तेथे वाकडी नळी लावावी. रॅक पूर्ण इंधनाच्या स्थितीत असावी. ती बंद स्थितीत राहिली तर तेल वाहतच राहील व खूण कधीच मिळणार नाही. तोटी उघडून प्रचक्र पाव फेरा मागे घ्यावे व सावकाश पुढे आणावे, म्हणजे दात्यांमधील मोकळीक एका बाजूस जाते. धार प्रथम बारीक होते, मग थेंब पडतात, मग थेंबही थांबतो. त्या क्षणी प्लंजरने छिद्र झाकलेले असते. फवाऱ्याचा आरंभ तोच. प्रचक्रावरील अंश वाचावा. आरंभ उशिरा होत असेल तर कपलिंगमध्ये पंपाचा दांडा त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पुढे सरकवावा, आणि थेंब पुन्हा पाहावा.

झडप परत बसवून नळ्यांतील हवा काढावी. सुरू करण्याआधी रॅक मोकळेपणाने बंद स्थितीकडे जाते की नाही हे तपासणे अत्यावश्यक होय. ती अडकली तर एंजिन बेफाम वेग घेते. तेव्हा हवेचे तोंड झाकण्यास सपाट फळी जवळ असावी, हात नव्हे. नोझल सुमारे २०० वातावरण दाबास उघडते. त्या फवाऱ्यापुढे बोट धरल्यास तेल कातडीतून आत शिरते; जखम टाचणीएवढी दिसते, पण शस्त्रवैद्याकडे तत्काळ न गेल्यास बोट गमवावे लागते.

वेळ पुढे असेल तर एंजिन कठोर ठोके देते; मागे असेल तर पांढुरका धूर, मंद शक्ती व तापलेली धूरनळी दिसते. काळ्या धुराचा दोष मात्र सरसकट पंपाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. हवेचा फिल्टर तुंबला किंवा नोझल गळू लागले तरी तोच धूर येतो, व फिल्टर पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

जुळणी पक्की ठरल्यावर कपलिंगचे बोल्ट आवळावे, थेंब आणखी एकदा पाहावा, आणि दोन्ही अंगांवर छिन्नीने एक बारीक नवी रेघ ओढून जुनी खोडावी.