पोफळीच्या वाडीत फीचर शिकताना

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. किती घरांचे पत्रे उडाले, वीज कधी येणार, पाहणी दौरा कुणाचा, हे सगळं पुढच्या काही दिवसांत छापून आलं. बातमीचं काम ते, आणि ते झालं. पण पोफळ लावल्यापासून फळ धरायला साधारण पाच ते सात वर्षं घेते. वाडीवाल्याचं नुकसान त्या दुपारी नुसतं सुरू झालं होतं. पुढच्या वर्षांचा हिशेब मांडायचा तर बातमी पुरत नाही, तिथे फीचर लागतं.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला विषय विचारला की ‘निसर्ग वादळानंतरचं कोकण’ असं उत्तर येतं. हा विषय झाला, लेख नव्हे. लेखाला प्रश्न लागतो आणि तो एका वाडीत मावेल एवढा लहान असावा लागतो. उदाहरणार्थ, वाडी मोडलेल्या घराने मधली वर्षं कशावर काढली? याचं उत्तर देणारी माणसं श्रीवर्धनच्या कोणत्याही आळीत भेटतील. अख्ख्या कोकणाला काही विचारता येत नाही.

एसटीत बसण्याआधी कागद वाचावेत. चरीच्या शेतकरी संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये सुरू केलेला ‘कृषीवल’ अलिबागहून निघतो. अशा स्थानिक दैनिकांचे जून २०२० चे अंक चाळले तर मुंबईच्या पेपरांत न आलेली गावांची नावं सापडतात. मग शासन निर्णय. वादळानंतर सरकारने बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केली. आकडा मोठा वाटतो, आणि बरेचसे विद्यार्थी तो तसाच उतरवून पुढे जातात. इथे मात्र थांबायला हवं. किनाऱ्यावरच्या वाड्या हेक्टरात नाहीत, गुंठ्यांत आहेत. हेक्टरात साधारण ९९ गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. समजा, वाडी पंधरा गुंठ्यांची आहे. मदत झाली साडेसात हजार. सातबाऱ्यावर पाच सहहिस्सेदार असतील, आणि कोकणात असे सातबारे पावलोपावली आहेत, तर माणशी दीड हजार. त्यातले तिघे मुंबईला असले तर संमतीच्या सह्या गोळा करण्यात किती दिवस गेले, हा पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो. निकष नंतर बदलले का, तेही मूळ निर्णय काढूनच पाहावं. वहीतलं हे एवढं गणित तुम्हाला वाडीत काय विचारायचं ते सांगतं.

वाडीत गेल्यावर ‘काका, तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारू नये. त्याला ‘काय सांगू, होत्याचं नव्हतं झालं’ हेच उत्तर मिळतं, आणि दोष विचारणाऱ्याचा असतो. त्या दुपारी तुम्ही कुठे होता, पहिलं झाड पडल्याचं कशावरून कळलं, पडलेली खोडं कुणी कापली, मजुरी कुठून दिली, ही विचारण्याची रीत. उत्तरात कृती आली की चित्र येतं. पोफळीवर चढणाऱ्या गड्याला गाठाच. दाट वाडीत तो एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्यावर जातो. मधली झाडं गेली तर प्रत्येक झाडाला खाली उतरून पुन्हा चढावं लागतं. आता दिवसाला किती झाडं होतात, मजुरी झाडावर ठरते की दिवसावर, हे त्याला विचारा. वाडीचं अर्थशास्त्र तुम्हाला त्याच्याकडून समजेल.

घरातल्या बायकांशी वेगळं बोलावं. सुपारी अंगणात वाळवणं, सोलणं, निवडणं यांत त्यांचे हात असतात. पुरुष किती झाडं पडली ते सांगतील. वाडीचं उत्पन्न थांबल्यावर घरात कोणता खर्च आधी तोडला, हे बाईच नेमकं सांगेल.

ऐकलेलं तपासून घेणं हा या कामाचा कणा आहे. माणूस खोटं बोलतो म्हणून नव्हे. काही वर्षांपूर्वीचा आकडा कुणाच्याही मनात वाढतो किंवा आटतो. पंचनाम्याची प्रत पाहायला मागा, तालुका कृषी कार्यालयात जा, माहिती मिळेना तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. पोफळीच्या कोवळ्या रोपाला सावली लागते, म्हणून सोबत केळी लावतात. वरचं छत्र गेलेल्या वाडीत नवी लागवड कशी जगवायची, हे या केंद्रातले जाणकार सांगू शकतील.

लिहायला बसल्यावर सगळ्यात जास्त छळते ती सुरुवात. ‘निसर्गरम्य कोकणावर काळाने घाला घातला’ अशी वाक्यं हाताला सहज येतात आणि वाचक तिथेच पान उलटतो. गुंठ्याला पाचशे रुपये, हे वाक्य विशेषणाशिवायही उभं राहतं. सुरुवातीला एक माणूस काम करताना दिसू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात लेख कशाबद्दल आहे ते सरळ सांगून टाका. मग पार्श्वभूमी थोडी थोडी द्या, माणूस फार काळ नजरेआड होऊ देऊ नका. अवतरणं मोजकी ठेवा. बोली आहे तशी राहू द्या, ती ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. हे कसं साधतं ते पाहायला अनिल अवचट वाचावेत. त्यांची वाक्यं साधी आहेत, कारण आधी भरपूर पाहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कर्ज, भाऊबंदकीतला वाद, मुलीचं थांबलेलं शिक्षण या गोष्टी माणूस गप्पांच्या ओघात सांगून जातो. छापण्याआधी पुन्हा विचारावं. गाव लहान असतं, नाव बदललं तरी ओळख पटते. नको म्हटलं तर तो मजकूर काढावा, लेख थोडा फिका पडला तरी चालेल.

२०२० च्या पावसाळ्यानंतर लावलेली रोपं आता फळ धरण्याच्या वयाला आली आहेत. कोणती वाडी उभी राहिली, कोणती विकली गेली, कुठे पोफळीच्या जागी पर्यटकांच्या खोल्या आल्या, हे आज प्रत्यक्ष मोजता येतं. रायगडातल्या विद्यार्थ्यांनो, हा लेख लिहायचा तर या हिवाळ्यात, अंगणात सुपारी वाळत असताना जा.