'लेट्स टच बेस' म्हणाले, म्हणजे ऑर्डर मिळाली का?



समजा, वाटूरला तुमचा छोटासा मसाला उद्योग आहे. मिरची-हळद दळता, पाकिटं भरता, फाट्यावरच्या दुकानांना आणि परतूर-मंठ्याच्या बाजाराला माल देता. आता जरा मोठी उडी मारायची म्हणून पुण्याच्या एका कंपनीला सॅम्पल पाठवलं. आठ दिवसांनी खरेदी विभागाचा मेसेज आला:

'सॅम्पल लुक्स गुड. सेंड अस अ बॉलपार्क फिगर. द प्रोजेक्ट इज ऑन द बॅक बर्नर, बट लेट्स टच बेस नेक्स्ट मंथ.'

शब्द बहुतेक ओळखीचे आहेत. गुड म्हणजे चांगलं, फिगर म्हणजे आकडा, नेक्स्ट मंथ म्हणजे पुढचा महिना. मग डोक्यात काय तयार होतं? माल पसंत पडला, पुढच्या महिन्यात ऑर्डर. आणि दुसऱ्या दिवशी आपण दोन क्विंटल मिरची उचलून मोकळे!

थांबा. त्या मेसेजमध्ये ऑर्डर कुठेच नाही. उलट 'सध्या हे काम आम्ही बाजूला ठेवलंय' असं स्पष्ट लिहिलंय. फक्त ते इंग्रजी वाक्प्रचारात लिहिलंय. आपल्याकडे यालाच म्हणतात 'बाजारात तुरी'. तूर अजून बाजारात, आणि घरात भांडण सुरू!

म्हणून आजचा विषय आहे व्यवसायातले इंग्रजी वाक्प्रचार. शंभर वाक्प्रचारांची यादी पाठ करायला मी सांगणार नाही. एकच गोष्ट शिकायची आहे: गोड वाक्यात पैसा, तारीख आणि होकार आहे की नाही, हे कसं ओळखायचं.

आधी आपलाच पाळणा बघू

'जालना, सोने का पालना' ही म्हण आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत असते. बेंगळुरूच्या ग्राहकाला तुम्ही याचं शब्दशः इंग्रजी करून सांगितलं, तर त्याला वाटेल जालन्यात सोन्याचे पाळणे बनतात. इथल्या व्यापाराची जुनी भरभराट त्या शब्दांतून त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

वाक्प्रचाराचा स्वभावच असा आहे. सुटे शब्द समजले तरी अर्थ हाती लागत नाही. त्याने 'बॅक बर्नर' म्हटलं की आपली तीच गत होते. त्यात आपल्या शिक्षणाची किंवा अकलेची कमी नाही. तुम्ही 'पाट्या टाकल्या' म्हणालात तर इंग्रजी माध्यमात शिकलेला पोरगाही गोंधळेल.

आणि घाबरायचं तर अजिबात नाही, कारण काही इंग्रजी वाक्प्रचार आपण कधीच मराठी करून टाकलेत. 'लालफितीचा कारभार' म्हणजे त्यांचा 'रेड टेप'. सरकारी कागद लाल फितीने बांधायची पद्धत होती, त्यावरून तो आला. न परवडणाऱ्या खर्चाला आपण 'पांढरा हत्ती' म्हणतो, तोही इंग्रजीतून आलेला. म्हणजे तुम्ही हे आधीपासून वापरताय!

गट पहिला: होकार आहे की नाही?

'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क करणं, एकदा बोलून घेणं. बेसबॉलच्या खेळातून आलेला शब्द आहे. यात वचन काहीच नाही. 'भेटू एकदा' इतकाच त्याचा अर्थ.

'बॅक बर्नर' म्हणजे चार शेगड्यांच्या गॅसवरची मागची शेगडी. घाईचं काम पुढे, बिनघाईचं मागे मंद आचेवर. आपल्या भाषेत भिजत घोंगडं. तुमचं काम त्यांनी नाकारलेलं नाही, पण आज त्याच्यासाठी पैसेही काढलेले नाहीत.

'टेबल' हा शब्द तर सगळ्यात फसवा. इंग्लंडच्या इंग्रजीत एखादी गोष्ट 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला मांडणं. आपण 'सभागृहाच्या पटलावर ठेवला' म्हणतो, ते तेच. पण अमेरिकन माणूस 'लेट्स टेबल धिस' म्हणाला तर अर्थ बरोबर उलटा: हा विषय आता राहू द्या. समोरची कंपनी अमेरिकन असेल तर हे लक्षात ठेवाच.

या गटातलं वाक्य आलं की एकच प्रश्न विचारा: 'पर्चेस ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित धरू?' तारीख आली तर पुढे चला. नाही आली तर मिरची उचलू नका.

गट दुसरा: आकडा कोणता धरायचा?

'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. बेसबॉलच्या मैदानाला अमेरिकेत बॉलपार्क म्हणतात. त्यांनी मागितलाय अंदाज, पण तुम्ही नुसतं '२४० रुपये किलो' असं लिहून पाठवलंत, तर पुढे सौदा त्याच आकड्यावर अडेल. म्हणून अंदाज देताना चार गोष्टी सोबत लिहा: हा अंदाजे दर आहे, किती किलोसाठी आहे, जीएसटी आणि गाडीभाडं धरलंय की नाही, आणि दर किती दिवस लागू आहे. मिरचीचा भाव बाजार समितीत रोज हलतो. तुमचा कागद तीन महिने जुना राहून चालणार नाही.

'ॲपल्स अँड ऑरेंजेस'. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून कोणी फळांचं विचारतंय असं वाटायला नको! 'यू आर कम्पेअरिंग ॲपल्स विथ ऑरेंजेस' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची तुलना चाललीय. हे वाक्य तर तुमच्या कामाचं आहे. ग्राहक म्हणाला की दुसरा स्वस्त देतोय, तर विचारा: त्याच्या दरात जीएसटी आहे का? भाडं आहे का? पॅकिंग तेच आहे का? तुमचा दर सगळं धरून आणि त्याचा दर कारखान्याच्या दारातला असेल, तर ती तुलनाच चुकीची.

'बॉटम लाइन' म्हणजे नफा-तोट्याच्या हिशोबातली सगळ्यात खालची ओळ, निव्वळ नफा. वरची ओळ विक्रीची, म्हणून तिला 'टॉप लाइन' म्हणतात. आपली पोरं वरच्या ओळीवर खूष होतात. उदाहरण घेऊ. महिन्याची विक्री १,२०,००० रुपये. कच्चा माल ७८,०००, पॅकिंग ११,०००, मजुरी आणि वीज १४,०००, गाडीभाडं ८,०००. एकूण खर्च १,११,०००. खालच्या ओळीत उरले ९,०००. आणि यात तुमची स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही! गावात 'सव्वा लाखाचा धंदा' सांगायला बरं वाटतं, घर मात्र नऊ हजारांवर चालतं. बोलण्यात 'द बॉटम लाइन इज...' असं आलं तर त्याचा अर्थ 'मुद्द्याची गोष्ट अशी' एवढाच.

'इन द ब्लॅक' ऐकून तर आपल्याकडे दचकायलाच होतं. आपल्याकडे 'ब्लॅक' म्हणजे दोन नंबरचा पैसा. पण इंग्रजीत 'द कंपनी इज इन द ब्लॅक' म्हणजे कंपनी नफ्यात आहे. तोटा लाल शाईने लिहायचे, म्हणून 'इन द रेड' म्हणजे तोट्यात. समोरचा नफ्याबद्दल बोलत असताना तुम्ही 'नाही नाही, आमचं सगळं व्हाइट आहे' म्हणालात तर मजाच होईल.

गट तिसरा: पैसे कोण देणार, कधी देणार?

'फूट द बिल' म्हणजे खर्च सोसणं. 'हू विल फूट द बिल फॉर रिटर्न्स?' म्हणजे परत आलेल्या मालाचा भुर्दंड कोणावर? हा प्रश्न आला की 'येस सर' म्हणू नका. पुण्याहून वाटूरला परत येणाऱ्या गाडीचं भाडं एका फेरीत महिन्याचा नफा खाऊ शकतं. खराब माल गेला तर भाडं आमचं, न खपलेला माल परत केला तर भाडं तुमचं, असं आधीच लिहून घ्या.

'स्किन इन द गेम' म्हणजे धंद्यात स्वतःचा पैसा अडकलेला असणं. बँकेचे साहेब हेच बघतात. पीएमईजीपी योजनेच्या नियमांत अर्जदाराचा स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटासाठी १० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांसाठी ५ टक्के ठेवलाय तो यासाठीच. स्वतःचा रुपया लागला की माणूस धंदा मध्येच सोडत नाही, हे त्यामागचं गणित.

'सीड मनी' म्हणजे धंदा उभा करायला लागणारा पहिला पैसा. आपल्या जिल्ह्यात हा शब्द हमखास फसवतो, कारण जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको कंपनी सुरू केली, आणि १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ त्यांना मिळाला. साहजिकच 'सीड फंडिंग' म्हटलं की आपल्याला बियाण्याचं कर्ज आठवतं. मराठीत याला 'बीज भांडवल' म्हणतात, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचार तसाच्या तसा आलाय. पेरलं तर उगवणार, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको.

'द चेक इज इन द मेल' म्हणजे चेक टपालात टाकलाय. इंग्रजीत हे वाक्य उधारीच्या बहाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. आपल्याकडचं 'साहेब सही करायला बसलेच नाहीत' याचा हा सख्खा भाऊ.

इथे वाक्प्रचारापेक्षा कायदा कामाला येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर मुदत १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे करता येते. यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवा. ती ऑनलाइन होते आणि मोफत आहे, कोणाला दोन हजार देऊ नका. मात्र हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्रीला नाही.

मग उत्तर कसं द्यायचं?

बऱ्याच जणांना वाटतं, त्यांनी वाक्प्रचार वापरला तर आपणही भारी वाक्प्रचार फेकावा. गरज नाही. वाक्प्रचार समजले पाहिजेत, वापरलेच पाहिजेत असं नाही. तुमचं उत्तर जितकं साधं तितकं तुमच्या फायद्याचं. वरच्या मेसेजला मी असं उत्तर देईन:

'थँक यू. ॲप्रॉक्झिमेट रेट इज २४० रुपीज पर केजी फॉर १०० केजी, जीएसटी अँड ट्रान्सपोर्ट एक्स्ट्रा, व्हॅलिड फॉर सेव्हन डेज. आय विल स्टार्ट प्रॉडक्शन आफ्टर युवर पर्चेस ऑर्डर. कॅन आय कॉल यू ऑन द फिफ्थ?'

यात एकही वाक्प्रचार नाही. पण आकडा आहे, अट आहे, तारीख आहे. पाच तारखेला फोन करायचा हे तुम्ही ठरवलंत, म्हणजे 'टच बेस'ची दोरी आता तुमच्या हातात आली.

एखादा शब्द कळलाच नाही तर सरळ विचारा: 'सर, यू मीन द ऑर्डर इज नॉट कन्फर्म्ड यट, करेक्ट?' आपण जे समजलो ते साध्या शब्दांत परत सांगायचं. यात कमीपणा नाही. विचारल्याने फार तर एक मिनिट जातं. न विचारता उचललेली दोन क्विंटल मिरची मात्र घरात पडून राहते, आणि तिच्यासाठी आणलेल्या पैशांचं व्याज रोज चालू असतं.

या आठवड्याचं काम

एक साधी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात ग्राहकाकडून आलेला इंग्रजी वाक्प्रचार जसा ऐकला तसा लिहा, देवनागरीत लिहिला तरी चालेल. दुसऱ्यात त्याच्या जवळचा आपला शब्द: भिजत घोंगडं, ढोबळ आकडा, भुर्दंड, जे सुचेल ते. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: या वाक्यात रक्कम, तारीख आणि होकार यांपैकी काय मिळालं?

तिसरा रकाना रिकामा राहिला तर ग्राहक कितीही गोड बोलला असेल, तुमच्याकडे ऑर्डर नाही. त्या दिवशी फक्त पुढच्या फोनची तारीख लिहा आणि फाट्यावरच्या रोजच्या गिऱ्हाइकाचा माल आधी भरा. तो रोख देतो!

पुढच्या भागात आपण पर्चेस ऑर्डरचा कागद ओळीने वाचायला शिकू. तोपर्यंत वही सुरू करा. भेटूया!