खडक अर्धवट का वितळतो?

२०२१ साली वणी-पांढरकवडा भागात शिबला-पार्डीजवळ बेसॉल्टचे दगडी खांब उजेडात आले. तेव्हापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘म्हणजे आपल्या पायाखाली लाव्हाच आहे का?’

नाही. खाली उष्णता भरपूर आहे, पण दाबही प्रचंड आहे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तसा दाबाखालचा कोरडा खडक सहजी वितळत नाही. दाब उतरला, उष्णता वाढली किंवा पाणी मिळाले, तरच तो वितळतो. यवतमाळचा काळा पाषाण पहिल्या कारणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वर सरकणाऱ्या तप्त प्रावरणावरचा दाब कमी झाला आणि त्याचा थोडा अंश वितळला.

उरलेल्या दोन कारणांसाठी नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यात जावे लागते. भूखंडांच्या रेटारेटीत तिथले खडक खोल गाडले गेले. भंडारा-बालाघाट पट्ट्यातील ग्रॅन्युलाइट खडकांनी तर सुमारे ३० किलोमीटर खोलीचा दाब सोसला. एवढ्या खोलवर मोकळे पाणी जवळपास नसते. ते अभ्रकाच्या स्फटिकांत बांधलेले असते. साधारण ७०० अंशांच्या आसपास पांढरे अभ्रक मोडते, ८०० च्या पुढे काळे. सुटलेले पाणी थेट वितळणाऱ्या द्रवात शिरते.

मात्र सगळा खडक एकदम वितळत नाही. रवाळ तूप उन्हात ठेवले की पातळ तूप सुटते, रवा तळाशी राहतो. तसेच गार आणि फेल्स्पार आधी द्रवात जातात. तामडा, सिलिमनाइट, उरलेले काळे अभ्रक मागे राहते. द्रव जागीच थिजला तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खडक तयार होतो. फिनलंडच्या सेडरहोम यांनी १९०७ मध्ये त्याला ‘मिग्मटाइट’ नाव दिले. द्रव वर निसटला तर त्याचा ग्रॅनाइट होतो. भूखंडाचे वरचे हलके आणि खालचे जड कवच असेच निवडले गेले.

प्रत्येक पांढरा पट्टा मात्र वितळल्याचा पुरावा नव्हे. बाहेरून घुसलेली शीरही तशीच दिसते. पट्ट्याच्या कडेला काळ्या अभ्रकाची किनार आहे का, ते पाहावे. ती असेल तर द्रव बहुधा तिथेच सुटला. माझीही सुरुवातीची अनेक टिपणे या एका किनारीने खोडायला लावली.

म्हणून खाणीत असा दगड दिसला, तर त्याची गिट्टी होण्याआधी एक फोटो काढून जागा लिहून ठेवा. फुटलेल्या गिट्टीत ती किनार पुन्हा जुळवता येत नाही.