तेल आहे, पण तोंडाशी नाही

धान कापून झाले, खळी उरकली, की आमच्या झाडीपट्टीत शंकरपटाचे दिवस येतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या खेड्यांतून बैलजोड्या निघतात. सरळ आखलेली धावपट्टी, हलकासा छकडा, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हे पट थांबले होते. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. पट पाहायला गेलात तर एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्या. जोडी सोडण्याआधी मुरलेला गाडीवान बैलांच्या पाठीवरून हात फिरवतो आणि मग खाली वाकून चाकाच्या तुंब्यात वंगण आहे की नाही ते बोटाने चाचपतो. आधी वंगण, मग आरोळी.

हे मला आठवले ते माझ्या भाच्यामुळे. पोरगा नोकरीला लागला आणि पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून त्याने एक जुनी मोटार घेतली. थोडे पैसे कमी पडले, ते ताईने आपल्या पाटल्या मोडून दिले. ही गोष्ट आमच्या मेव्हण्यांना बऱ्याच उशिरा कळली. मोटार कशासाठी? तर शर्यतीसाठी. या शर्यतीला ‘ड्रॅग रेस’ म्हणतात. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, अगदी सरळ रस्ता. उभ्या जागेवरून सुटायचे आणि आधी पोचायचे. थोडक्यात, मोटारींचा शंकरपटच! लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावर मात्र त्या मोटार वाहन कायद्यानेच गुन्हा ठरतात, आणि “बंद धावपट्टीवरच पळवीन” अशी शपथ ताईने त्याच्याकडून आधीच घेतली होती.

शपथ त्याने पाळली. पण तिसऱ्या फेरीला गाडी सुटता सुटता इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज आला, आणि पुढच्या काही क्षणांत इंजिन जाम झाले. गाडी टेम्पोवर चढवून आणावी लागली. मेव्हणे त्या दिवसापासून मुलाशी बोलेनात. ताई कोणालाच काही बोलेना, आणि ते जास्त वाईट.

चंद्रपुरात माझ्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. तरुणपणी आलापल्लीकडून सागवान आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी बांबू वाहणाऱ्या ट्रकांवर त्यांनी हात काळे केले. त्यांनी इंजिन उघडले. क्रँकची बेअरिंगे खरवडून, काळीनिळी होऊन निघाली.

“तेल घालायला विसरलास का रे?” मी भाच्याला विचारले.

उत्तर मिस्त्रींनी दिले. “तेल होतंच जी गाडीत. चार लिटर मोजून निघालं ना! पन तोंडापाशी नव्हतं.”

हे वाक्य मला समजायला तासभर लागला. मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता. पण समजले ते इतके सोपे निघाले की वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इंजिनाच्या खाली पत्र्याचे एक पसरट भांडे असते, त्याला गॅरेजात ‘चेंबर’ म्हणतात. सगळे तेल तिथे साठते. एक नळी जाळीदार तोंड तेलात बुडवून बसलेली असते. पंप तिच्यातून तेल ओढतो आणि बेअरिंगांकडे पाठवतो. आता पाणी भरलेली परात हातात धरून एकदम पुढे धावा पाहू! पाणी मागच्या काठाशी चढते आणि पुढचा तळ उघडा पडतो. मोटार झपाट्याने सुटली की चेंबरमधल्या तेलाचे हेच होते. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वेग वाढला तर तेलाचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी कलतो. बरोबरीच्या जोराने वाढला तर ४५ अंशांनी. अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य ड्रॅग गाड्या सुटताना हा जोर चौपटीवर जातो. तेव्हा कल ७६ अंशांचा, म्हणजे तेल भिंतीला पाठ लावून उभेच! नळीचे तोंड नेमके उघड्या तळाशी असले तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी फिरणारे इंजिन अर्ध्या सेकंदात पन्नास फेऱ्या मारते. त्या पन्नास फेऱ्या कोरड्या.

कोरड्या म्हणजे काय, हे कळायला एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. १८८३ च्या सुमारास टॉवर नावाचे इंग्रज अभियंते आगगाडीच्या आसाची बेअरिंगे तपासत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी वरून एक भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. बूच मारले, ते निघाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकली. शेवटी दाबमापक लावला तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार तर त्याच्या निम्माच होता! फिरणारा दांडा तेलाला आपल्याखाली ओढतो, त्याची पाचर बनवतो आणि तिच्यावर स्वतः तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. म्हणजे चांगल्या इंजिनात धातू धातूवर घासतच नाही. मध्ये केसाहूनही बारीक तेलाची गादी असते. पंपाने ती गादी सतत भरत राहायची. तेलाऐवजी हवा आली की गादी फाटते आणि धातूला धातू भिडतो.

मिस्त्रींना हे रोग नवे नव्हते. भामरागडच्या वाटेवर पुष्कळशा नाल्यांवर पूल नव्हते तेव्हा भरलेला ट्रक नाल्यात उतरे आणि समोरची दरड पहिल्या गिअरमध्ये चढे. तीस अंशांच्या चढावर चेंबरमधले तेल तीस अंशांनीच कलणार. गाडी चढते आहे की सुसाट सुटली आहे, हे तेलाला कळत नाही! (आइन्स्टाइन यांना १९०७ साली याच जातीचा विचार सुचला होता, असे आमच्या कॉलेजातील भौतिकशास्त्राचे सहकारी सांगतात.) “काटा पडला का आमी गाडी चढवत नोहो जी. मागं सोडून सपाटीवर घेवाचं, तेल पाहाचं, मंग पुन्हा.” मालक ओरडला तरी? “मालक ओरडते, इंजिन मरते. ओरडनं बरं.”

फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटारीची गोष्टही याच कुळातली आहे. तिचे पेट्रोल टाकीतून आपोआप उताराने इंजिनाकडे येई. उभ्या चढावर ते येईनासे झाले की लोक गाडी उलटी करून मागे-मागे चढवीत. टाकीत पेट्रोल होते. फक्त पोचत नव्हते.

भाच्याची चूक मात्र त्याची स्वतःची होती. तेल जास्त मावावे म्हणून त्याने एका मित्राच्या मदतीने चेंबर कापून दोन बोटे खोल केले होते. हेतू उत्तम. पण तेल ओतले ते पूर्वीइतकेच चार लिटर, आणि नळीचे तोंड राहिले जुन्याच उंचीवर. तेलाची पातळी खाली गेली, तोंड वर लोंबकळत राहिले! पट्टी काढून पाहण्याची गरजच वाटली नाही, कारण तेल “मोजून” ओतले होते. पहिल्या दोन फेऱ्यांत सुटताना लाल दिवा क्षणभर लुकलुकला होता. विझला म्हणून याने सोडून दिले. तो दिवा दाब पार तळाला गेल्यावरच लागतो, ही गोष्ट त्याला मिस्त्रींनी सांगितली तेव्हा तो खाली पाहू लागला.

“मग दोन लिटर जास्तच ओतू,” थोड्या वेळाने तो म्हणाला.

“ओत! क्रँक तेलात बुडन, ताक घुसळल्यावानी फेस होईन. फेस म्हंजे हवाच ना बाबू?”

पुढचे पंधरा रविवार भाचा तिथे बसला. नळी लांब करून तिचे तोंड मागच्या बाजूला, तळापासून पाऊण-एक सेंटिमीटरवर आणले. त्याहून जवळ आणले तर तळच तेलाची वाट अडवतो. आत आडभिंती घातल्या आणि त्यांना बिजागरीची झडपे लावली, तेलाला तोंडाकडे येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी. कोंबड्यांच्या खुराड्याला असते ना, तसली! इंजिन जोरात फिरते तेव्हा बरेच तेल वरच्या भागात अडकते आणि सावकाश उतरते, म्हणून खोल चेंबरच्या मापाने जादा तेल घातले आणि पट्टीवर नवी खूण केली. लाल दिव्याच्या जोडीला काट्याचा दाबमापक आला. आणि एक ताकीद: शर्यतीची रेघ ओलांडल्यावर करकचून ब्रेक मारायचा नाही, कारण तोंड आता मागे आहे आणि ब्रेक लागला की तेल पुढे पळते. आधी पाय उचलायचा, इंजिन शांत होऊ द्यायचे, मग ब्रेक.

याहून पक्का उपाय आहे. तेल चेंबरमध्ये ठेवायचेच नाही. वेगळे पंप लावून ते एका उंच टाकीत नेऊन साठवायचे आणि टाकीच्या बुडातून इंजिनाला पाजायचे. मोठ्या शर्यतींच्या मोटारींत असेच असते. त्याचा खर्च ऐकून भाच्याने विषय बदलला.

चेंबर बसवण्याआधी मिस्त्रींनी ते बाकावर ठेवून त्यात तेल ओतले, एका बाजूखाली सागाची पाचर सारून ४५ अंशांनी उचलले आणि भाच्याला आत पाहायला लावले. जाळीचे तोंड तेलात बुडालेले होते.

गेल्या हिवाळ्यात तो पुन्हा शर्यतीला गेला. रात्री त्याचा फोन आला तेव्हा मी ताईकडेच होतो. मेव्हणे वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान बराच वेळ उलटले नव्हते.

“कितवा आला रे?” ताईने विचारले.

“शेवटून दुसरा. पण आई, काटा हलला नाही!”

ताईला काही कळले नाही. मेव्हण्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि फोन मागितला.