समुद्राची रात्रपाळी
पाण्याखालचे जग : लेखांक 7

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरमध्ये वेळ पाळीवर मोजतात. कारखान्यांच्या बसगाड्या रस्त्यावर आल्या, की कोणती पाळी सुटली ते घरबसल्या कळते. दिवेलागणीला इथल्या तलावाच्या बांधावर उभे राहिले, तर पाणी निवांत आणि रिकामे वाटते. पण त्याच सुमाराला पूर्वेच्या बंगालच्या उपसागरात आणि पश्चिमेला आपल्या अरबी समुद्रात पृथ्वीवरची सगळ्यात मोठी रात्रपाळी सुरू होत असते.

मागच्या लेखात आपण पाण्यात उजेड किती खोल पोहोचतो ते पाहिले. अगदी नितळ समुद्रातही 200 मीटरखाली वनस्पतिप्लवकांना वाढता येईल इतका उजेड उरत नाही. म्हणून समुद्राचे सगळे शेत वरच्या थरात पिकते. त्या शेतावर कोण, केव्हा चरायला येते ते आज पाहू.

1942 साली, महायुद्धाच्या काळात, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ध्वनिलहरींनी पाणबुड्या शोधण्याचे प्रयोग चालले होते. दिवसा सुमारे 300 मीटर खोलीवरून एक पसरट प्रतिध्वनी येई, जणू समुद्राचा तळ तिथेच असावा. सूर्य मावळला की हा ‘तळ’ वर सरके. 1945 साली स्क्रिप्स संस्थेतले प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी या थराचे रोजचे वरखाली होणे दाखवले आणि कोडे सुटू लागले. तो थर जिवंत होता. कोपेपॉड, जवळ्यासारखे दिसणारे क्रिल, छोटे मासे, जेलीसारखे प्राणी असे असंख्य जीव तिन्हीसांजेला वर येत होते आणि पहाटे परत खाली उतरत होते.

हा प्रवास केवढा? कोपेपॉड म्हणजे तांदळाच्या कणीएवढा कवचधारी जीव. तीन मिलिमीटरच्या कोपेपॉडने 300 मीटर जाणे म्हणजे स्वतःच्या लांबीच्या एक लाख पट जाणे. साडेपाच फुटी माणसाच्या हिशेबात ते अंतर 160 किलोमीटरच्या वर भरते. संध्याकाळी मुंबईहून पोहत निघून पुण्याच्याही पुढे जायचे आणि उजाडताना पुन्हा मुंबई गाठायची, असे हे अप-डाउन.

एवढी दगदग कशासाठी? अन्न वर आहे, पण दिवसा तिथे उजेडही आहे, आणि बहुतेक मासे डोळ्यांनी शिकार करतात. दिवसभर वर राहणारा जीव कोणाच्या तरी पोटात जातो. म्हणून अंधारात जेवायचे आणि उजेडात खोल दडायचे. याचा सुरेख पुरावा पोलंडचे शास्त्रज्ञ ग्लिविच यांनी 1986 साली मांडला. टाट्रा पर्वतातल्या काही तळ्यांत मासे फार पूर्वीपासून होते, काहींत माणसांनी नंतर सोडले होते, तर काहींत नव्हतेच. जिथे माशांचा सहवास जितका जुना, तिथे कोपेपॉडचे वरखाली जाणे तितके ठळक होते. मासे नसलेल्या तळ्यात ही धावपळ दिसली नाही. भीती पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरत गेली होती.

आपल्या अरबी समुद्रात या दडण्याची किंमत फार मोठी आहे. त्याच्या बऱ्याच भागात सुमारे 150 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. तरीही बेन्थोसेमा टेरोटम नावाचा बोटाएवढा मासा दिवसभर तिथेच उतरून राहतो. त्याच्या अंगावर दिव्यांच्या बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात. वरून झिरपणाऱ्या अंधुक उजेडात पोटाकडचे दिवे मिसळले, की खालून पाहणाऱ्याला त्याची सावली दिसत नाही. तिथे श्वास जेमतेम मिळतो, पण शत्रूही थोडेच पोहोचतात. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई, गोवा, कोल्लम यांच्यासमोरच्या समुद्रात प्रवाह मोजायला ध्वनियंत्रे नांगरून ठेवली. तरंगत्या जीवांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीच्या जोरावरून त्याच यंत्रांनी प्राणिप्लवकांच्या रोजच्या येण्याजाण्याचीही नोंद दिली.

या प्रवासाचा लाभ आपल्यालाही होतो. वर खाल्लेले खाली पचते. श्वासातून आणि विष्ठेतून कार्बन खोल पाण्यात उतरतो आणि बराच काळ हवेपासून दूर राहतो.

गोड्या पाण्यातही हाच खेळ चालतो, आणि तिथे आपला हात पोहोचतो. बोस्टनजवळच्या वाबन तळ्यात शहरी उजेडाचा परिणाम तपासणारा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. पाण्यातली पिसू म्हणून ओळखला जाणारा डॅफ्निया रात्री शेवाळ खायला वर येतो. शहराचा उजेड अडवलेल्या पाण्याच्या तुलनेत उघड्या पाण्यातले डॅफ्निया सुमारे 2 मीटर कमी वर आले, आणि वर येणाऱ्यांची संख्याही साधारण दहा टक्क्यांनी घटली. डॅफ्निया कमी चरला, की शेवाळ माजायला वाव मिळतो.

श्रीपेरुंबुदूर परिसरातल्या तलावांचे जादा पाणी चेंबरमबाक्कम तलावात जाते आणि तेच चेन्नईच्या नळांना येते. चेंबरमबाक्कम पूर्ण भरला, तरी पाण्याची खोली 24 फूट. त्यात 2 मीटर म्हणजे साडेसहा फूट, चौथ्या हिश्शाहून जास्त. उथळ, गढूळ तलावात लपायला खोली कमी पडते, तेव्हा असे जीव पाणवनस्पतींच्या दाटीत शिरतात. म्हणून काठची वनस्पती सरसकट उपसू नये आणि बांधालगतच्या दिव्यांची तोंडे पाण्याकडून जमिनीकडे वळवावीत. याला खर्च थोडा आहे. रस्त्यावरून घरी परतणाऱ्या माणसाला दिवा हवाच, पण पाण्यातून वर येणाऱ्याला अंधार हवा. दोघांचीही सोय एकाच खांबावर होऊ शकते.

पुढच्या आठवड्यात : खोल समुद्रात अहोरात्र झरणारे ‘सागरी हिम’.